एकतीस तारखेचं घर

महिन्याचे दिवस तीस, असं धरून मी दोन वर्षं निभावून नेली. शाळेच्या ऑफिसात उभी हयात हेडक्लार्की केलेल्या माणसाला हे कबूल करायची लाज वाटायला हवी, आणि वाटते. पण ती नंतर. आधी आपल्या प्रार्थना-यादीबद्दल सांगतो. हे वार्तापत्र हल्ली नव्या घरांतही जातं, आणि सगळ्यांनाच यादी ठाऊक असेल असं नाही.

जिल्ह्यातली आपली ख्रिस्ती घरं विखुरलेली. कुठे शंभर, कुठे चार, कुठे एकच. म्हणून जुन्या कुणीतरी युक्ती काढली: महिन्याच्या एकेका तारखेला पाच-सहा घरं वाटून द्यायची. त्या तारखेला जिल्हाभर सगळ्यांनी त्या घरांसाठी प्रार्थना करायची, आणि जमेल त्याने फोन करून सांगायचं, "आज तुमचा दिवस." बस, एवढंच. पण ज्याचा दिवस असतो तो सकाळीच दाढी करून, बरा शर्ट घालून फोनपाशी बसतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. फोनवर शर्ट दिसत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

यादी माझी बायको रत्ना सांभाळायची. ती नोव्हेंबरात गेली, आणि डिसेंबरात यादीची वही माझ्याकडे आली. म्हणजे कपाटातून टेबलावर आली. मी ती हेडक्लार्कच्या नजरेने चाळली. खाडाखोड, बाण, कडेने शेरे: 'हिला कमी ऐकू येतं', 'याच्याशी जावयाचा विषय नको'. म्हटलं, काय हा पसारा. घरांची तेवढी नावं उचलली आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला: सहा ओळी, पाच रकाने, तीस चौकोन, एका पानात चपखल. एकतिसावा चौकोन घेतला असता तर पान उलटावं लागलं असतं. त्या तारखेचं जे काही असेल ते तीसमध्ये सरकवू, असं ठरवलं आणि चहा करायला उठलो. ते सरकवणं तिथेच राहिलं. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तक्त्याचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते ऐकलं. एक शब्दही वाया जाऊ दिला नाही.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी एका बाईंचा फोन आला. "आमचं घर तीस तारखेला. मग फेब्रुवारीत आम्ही काय करायचं?" म्हटलं, रत्ना काय करायची ते बघतो. दोन वर्षांनी वही पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर तिच्या तिरक्या अक्षरात होतं: 'फेब्रुवारी - २९, ३० ची घरं २८ ला घेणे.' आणि त्याखाली, अख्ख्या पानाला एकच ओळ: '३१ - सुंदराबाई. एकटी आहे. सकाळी सहाला पहिला फोन आपण करायचा.'

मी मूठ वळली आणि हाडांवर महिने मोजले, लहानपणी शिकवतात तसे. उंचवट्याला एकतीस, खळीत तीस. तो पहिला डिसेंबर, मग दोन वर्षांचे चौदा आणि हा जानेवारी. सोळा वेळा एकतीस तारीख येऊन गेली होती आणि जिल्ह्यात एकाही माणसाने सुंदराबाईंचं नाव घेतलं नव्हतं. कारण मला पान उलटायचं नव्हतं.

सुंदराबाई म्हणजे चंदगडच्या डोंगरातल्या आमच्या प्रचारकांच्या विधवा. लग्नाआधी रत्ना तिकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती, तेव्हा वर्षभर त्यांच्याच घरी राहिलेली. मी त्यांना आमच्या लग्नात पाहिलं, आणि त्यानंतर फक्त रत्नाच्या फोनमधून ऐकलं. वहीतला नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं यंत्रातली बाई म्हणाली. माणूस अस्तित्वात आहे का, ते तिला विचारायची सोय नव्हती. पत्ता म्हणून एवढंच: 'चंदगडच्या वर. कोडोलीच्या मार्थाबाई सांगतील, चुलत बहीण.'

निघताना खिशात दोन कागद ठेवले. एकावर माफी लिहिली होती. दुसऱ्यावर निधनवार्ता; फक्त तारीख भरायची शिल्लक. या वार्तापत्रात तो स्तंभ मीच लिहितो, त्यामुळे तयारीने फिरायची सवय झालीय.

कोडोली, रविवार

उपासना सुरू होता होता पोचलो आणि पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसलो. सूचना झाल्यावर पाळकांनी विचारलं, "परगावचं कुणी आलंय का?"

कोल्हापुरात परगावचा माणूस अर्धवट उठतो, अर्धं वाक्य बोलतो आणि बसतो. आम्हालाही जेवायला जायचं असतं. कोडोलीत तसं चालत नाही. सगळी मंडळी माना वळवून वाट बघते. पाहुण्याने नाव, गाव सांगून आपल्या मंडळीचा सलाम पोचवायचा, आणि इथल्यांनी एका आवाजात सलाम परत द्यायचा, तो त्याने घरी न्यायचा. आता खरं सांगायचं तर दूधवाल्याखेरीज मी कुणालाही सांगून निघालो नव्हतो. सांगण्यासारखं घरात कुणी नाही, आणि बाहेर सांगावं तर कारण विचारतील. तरी उभा राहिलो आणि कोल्हापूरच्या अख्ख्या मंडळीचा सलाम देऊन टाकला. ज्यांना मान्य नसेल त्यांनी माझ्याकडून परत घ्यावा.

"सलाम," कोडोलीकर म्हणाले. बायकांच्या बाजूने जास्त जोरात आला.

जेवायला पाळकांच्या घरी धरून नेलं. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, त्यामुळे मटण नव्हतं. त्याची कसर खर्ड्याने काढली होती. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा तो खर्डा, की पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले आणि सगळ्यांना वाटलं मी रत्नाच्या आठवणीने रडतोय. मी तसंच वाटू दिलं. फुकटची सहानुभूती कोण सोडतो?

"रत्नाबाई आल्या की दोन खायच्या," पाळकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही एकीतच का अडलासा?"

मग मात्र डोळे खर्ड्याशिवाय भरले. मी भरीत वाढून घेतलं.

मार्थाबाईंचं विचारलं. "मार्थामावशी आता वारणेला, लेकाकडं असत्यात," पाळकीणबाई म्हणाल्या. "कारखान्याच्या कॉलनीत. तिसरी ओळ, पाचवं घर, दारात जास्वंद हाय. चुकायचं कामच न्हाय."

वारणानगर, त्याच दुपारी

चुकायचं काम मी अर्ध्या तासात केलं. वारणानगर कोडोलीला लागूनच. गाळप चालू होतं, हवेला मळीचा आंबूस-गोड वास, आणि कॉलनीत सारखी घरं. तिसरी ओळ, पण कुठल्या टोकाकडून? जास्वंद तर दर दोन घरांआड. मी एक जास्वंद निवडली. दार उघडं होतं, कॉटवर एक म्हातारी बसली होती. मार्थाबाईंना पाहून पंधरा वर्षं तरी झाली असतील. म्हातारपणी सगळ्याच बायका एकमेकींसारख्या दिसायला लागतात. पुरुष नुसतेच वाईट दिसतात.

"सलाम, मार्थाबाई," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

आपल्यात रीत अशी, की कुणाच्या घरी गेलं की बातम्यांच्या आधी प्रार्थना. वहीतला शेरा आठवला: हिला कमी ऐकू येतं. म्हणून मोठ्याने सुरू केली. या घरासाठी, लेकासाठी, लेकाच्या नोकरीसाठी, गुडघ्यांसाठी. माझी प्रार्थना लांबते अशी तक्रार आहे. रत्ना शेजारी असली की शर्टाचं टोक ओढायची आणि मी आमेनवर यायचो. आता ओढणारं कुणी नाही, त्यामुळे मी थेट सुंदराबाईंपर्यंत गेलो, आणि माझी चूकही देवाला तिथेच, सगळ्या तपशिलानिशी सांगितली.

डोळे उघडले तर समोर पाच माणसं हात जोडून उभी. आणि भिंतीवरून घोड्यावर बसलेला जोतिबा माझ्याकडे बघतोय.

"झालं का, पावणं?" त्यातला मिशीवाला म्हणाला. "बसा की आता."

"या मार्थाबाई..." मी म्हटलं.

"ही आमची आई, तानूबाई. मार्थाबाई मागल्या ओळीला. बसा, चा ठेवलाय."

मी माफी मागायला लागलो. खिशात लिहिलेली होतीच, पण ती दुसऱ्या कुणासाठी.

"माफी कशाची?" तो म्हणाला. "आईचं उद्या मोतीबिंदूचं आपरेशन हाय. सकाळधरनं भ्यालीया, कुणाचं ऐकंना. तुम्ही डोळं झाकलासा तसं तिनंबी झाकलं. आता बघा, कशी गप बसलीया." मग म्हणाला, "तुमच्यात हे असं एकदाच मागत्यात, का परत परत?"

मी यादीचं सांगितलं.

"मग घाला की आईचं नाव. तारीख कुठलीबी चालंल." त्याने आईकडे बघितलं. "उद्याची असली तर बरं."

मी कागद काढून नाव लिहून घेतलं. हेडक्लार्क असतो तर म्हणालो असतो, अर्ज करा.

खऱ्या मार्थाबाई सापडल्या. त्यांना खरोखरच कमी ऐकू येतं. पाप कबूल करायचं असेल तर ते ठार बहिऱ्या बाईसमोर, कामगार कॉलनीत, रविवारी दुपारी करू नये.

"सुंदराबाईंना मी यादीतून गाळलं," मी म्हटलं.

"कुणाला?"

"सुंदराबाईंना."

"काय केलासा?"

"गाळलं. यादीतून. दोन वर्षं झाली."

तिसऱ्या खेपेला समोरच्या ओळीतली माणसं दारात आली. तानूबाईंचा मुलगाही चहाचा कप घेऊन उभा होता. त्याला आता सगळं दुसऱ्यांदा कळत होतं.

मार्थाबाईंना शेवटी पोचलं. "मग आता काय झालं? मेली का काय सुंदरा?"

"तेच विचारायला आलोय."

"मला काय ठावं? गुडघं गेल्यापासनं मी उंबरा ओलांडत न्हाय, आन फोन मला ऐकू येत न्हाय."

मग मी त्यांच्या कानाशी वाकलो. "रत्ना गेल्याचं त्यांना कुणी कळवलं का?"

"मी कशाला कळवू? यादीचं काम तुमचं. मला वाटलं तुम्ही कळवलं असणार."

मला वाटत होतं मार्थाबाईंनी कळवलं असणार. पाळकांना वाटलं असणार, आम्ही दोघांनी. जी बातमी सगळ्यांना कळलेलीच असणार असं सगळे धरून चालतात, ती एका माणसापर्यंत कधीच पोचत नाही. रत्ना गेल्याची चिठ्ठी मी यादीतल्या एकूण एक घरी पाठवली होती. पण ती माझ्या यादीतल्या.

म्हणजे मी नुसता माफी मागायला निघालो नव्हतो. बाई हयात असेल तर तिला रत्ना गेल्याचं सांगायचं होतं. आणि खरं सांगतो, माझ्या मनात एक क्षण येऊन गेलं, की हयात नसतील तर सोपं पडेल.

मार्थाबाईंनी वाट सांगितली (आपलं प्रार्थनेचं छोटं देऊळ, समोर झाडाला घंटा) आणि बहिणीसाठी गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला. "तिला म्हणावं, पाय असतं तर मीच आलो असतो."

चंदगडकडे, सोमवार

सकाळच्या गाडीने निघालो. उसाचे ट्रॅक्टर मागे पडत गेले, माती तांबडी होत गेली, आणि चंदगडच्या अलीकडे खिडकीतून काजूच्या मोहोराचा वास आला. आमच्याकडे माणूस शेजाऱ्याशी बोलतो ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. इकडे लोक हळू बोलतात, मधेच कानडी शब्द येतो, आणि बोलणं संपल्यावरही थोडं थांबतात. चंदगडला गाडी बदलली. उन्हाने बॅग तापली होती. कसलासा चिकटपणा जाणवला म्हणून उघडली, तर गूळ पाघळून फडक्याबाहेर आलेला. बदलायचा शर्ट गेला. दोन्ही कागद मी खिशातून काढून बॅगेत ठेवले होते. माफी आणि निधनवार्ता एकमेकांना अशी चिकटली होती, की सोडवायला गेलो तर दोन्ही फाटली. आता तोंडीच बोलणं आलं.

"कुणाकडं, पावणं?" कंडक्टरने विचारलं.

"सुंदराबाईंकडे. देऊळ आहे त्यांचं, झाडाला घंटा आहे..."

"घंटेच्या आजीकडं व्हय," तो म्हणाला आणि तिकीट फाडून पुढे गेला.

'घंटेची आजी' यात काळ कुठला, वर्तमान की भूत, ते काही कळत नव्हतं. तो दोनदा माझ्या शेजारून गेला. एक प्रश्न विचारायचा होता. मी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं.

फाट्यावर उतरलो. चढ होता, दोन्ही बाजूंना काजूची झाडं, खाली वाळका पाचोळा. निम्म्यावर दम लागून दगडावर बसलो, आणि वरून घंटा ऐकू आली. मोठी नव्हे, शाळेच्या घंटेसारखी. मी टोपी काढली, का ते माहीत नाही, आणि भराभर चढलो.

कौलारू घर, त्याला लागून दोन खणांचं देऊळ, समोर फणसाला टांगलेली घंटा. दोरी एका बाईच्या हातात. पण तिच्या कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची पेटी. माझे पाय थबकले. आजी गेल्या असणार, आणि शेजारधर्म म्हणून ही बाई घंटा वाजवत असणार. मनात तारीख भरायची ती ओळ आपोआप तयार झाली.

"सुंदराबाई...?" मी विचारलं.

"आत हायत की," ती म्हणाली. "अव्वाचा हात दुखतोय, म्हणून आज मी वाजवली."

आतून आवाज आला, "गंगाक्का, कोण आलंय गं?"

सुंदराबाई दारात आल्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, काष्टी लुगडं. त्यांनी मला क्षणात ओळखलं, म्हणजे चाळीस वर्षांत मी काही सुधारलेलो नाही. "दाजी," म्हणाल्या, आणि लगेच माझ्या खांद्यावरून मागे, उताराकडे बघायला लागल्या. "रत्ना मागनं येतीया न्हवं? तिला चढ झेपत न्हाय. थांबा, गंगाक्काला खाली धाडतो."

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून मलाच माझी शिसारी आली. "रत्नमाला प्रभूमध्ये निद्रिस्त झाली," मी म्हटलं. स्तंभातलं वाक्य. दुसरं येईना.

त्या उताराकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "नीट सांगा, दाजी. काय झालतं?"

तेव्हा मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं. सकाळची वेळ होती. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, वाटाणे सोलायचा कंटाळा आला म्हणून. ती हसली, आणि वाटी हातातून पडली. मला वाटलं चेष्टा करतेय. मी घरभर गडगडलेले वाटाणे गोळा करत होतो. आधी वाटाणे, मग तिच्याकडे बघितलं. दवाखान्यात दोन दिवस होती. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना 'अल्पशा आजाराने' एवढंच ठाऊक आहे, कारण तसं मीच छापलं होतं.

"कवा?"

"नोव्हेंबरात. दोन वर्षं झाली आता, वर चार महिने."

सुंदराबाईंनी बोटं मोजली. "ऑक्टोबरच्या एकतीसला तिचा शेवटचा फोन. आम्ही भांडलो. ती म्हटली, हितं एकटी मरशील, कोडोलीला जा. मी म्हटलं, तू तुझं बघ, आन फोन ठिवला. डिसेंबरच्या एकतीसला सकाळी सहाला बसलो. आला न्हाय. म्हटलं, रागावलीया. मग कुणाचाच आला न्हाय. म्हटलं, हिनं सगळ्यांनाच सांगितलं असंल, सुंदराला करू नका."

"तिने नाही," मी म्हटलं. "मी." आणि तक्त्याचं सांगितलं. सहा ओळी, पाच रकाने. तिथे, त्या अंगणात, ते इतकं क्षुल्लक वाटलं की मला वाटलं, याहून मोठा गुन्हा केला असता तर सांगायला तरी बरं पडलं असतं.

त्या उठून आत गेल्या. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

गंगाक्का ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. मी तिला म्हटलं, फोन लागत नाही त्यांचा. मनात आशा अशी, की फोन आधीपासूनच बिघडलेला निघाला तर माझं ओझं थोडं हलकं होईल. काय माणूस आहे बघा.

"आत्ता, गेल्या पावसात बंद पडला," ती म्हणाली. "त्याच्याआधी चांगला होता. हितं लाईट जाती ना, म्हणून अव्वा तीस तारखेलाच माझ्या घरी आणून चार्जिंगला लावायची. उद्या फोन येत्यात म्हणायची. एक वर्ष झालं, येईनात. मला विचारायची, वाजतोय का बघ जरा. मग मीच करायला लागलो. एकतीसला सकाळी, माझ्या अंगणातनं. हॅलो अव्वा, आज तुमचा दिवस. फोन कशाला, तसंबी ऐकू जायचं. मधी नुसतं चिव्याच्या काठ्यांचं कुंपण हाय."

"आणि फोन बंद पडल्यावर?"

"दारात यून म्हणतो, हॅलो." ती हसली. मग हसू आवरलं, कारण आत तव्यावर काहीतरी करपत होतं.

दिवेलागणीला जेवलो. तांदळाची भाकरी, ओल्या काजूगरांची उसळ. एक भाकरी थोडी करपलेली. ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. मी दोन खाल्ल्या. कोडोलीची परतफेड चंदगडात केली. मार्थाबाईंचा गूळ, जेवढा वाचला होता तेवढा, फडक्यासकट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी फडक्याची गाठ बघितली आणि म्हणाल्या, "मार्थीची गाठ. अजून तशीच बांधती."

मंगळवार, तिथेच

सकाळी त्यांनी देऊळ उघडलं. सारवलेली जमीन, चार बाक, टेबलावर शास्त्र. एकेकाळी इथे नऊ घरं होती. कुणी बेळगावला गेलं, कुणी गोव्याला. मी बाकावर बसणार, तर त्या म्हणाल्या, "परगावचं आलासा न्हवं? मग?"

मग मी उभा राहिलो. समोर मंडळी म्हणून सुंदराबाई आणि दाराशी उंबऱ्याबाहेर गंगाक्का. त्यांना कोल्हापूरचा सलाम दिला, न विचारता आणलेला, कोडोलीचा दिला, मोठ्या आवाजातला, मार्थाबाईंचा दिला. आणि तानूबाईंचा, ज्यांनी तो दिलाच नव्हता. "सलाम," सुंदराबाई एकट्या म्हणाल्या. अख्ख्या मंडळीच्या वतीने म्हणायचं असतं, म्हणून आवाज चढवून.

प्रार्थना सुरू केली. ती लांबली. शेवट कुठे करावा ते मला खरंच कळेना. रत्नाचं नाव आलं आणि पुढचं वाक्य सापडेना, तेव्हा मी मागचंच पुन्हा सांगायला लागलो. तेवढ्यात माझ्या शर्टाचं टोक ओढलं गेलं.

"आमेन," मी म्हटलं, आणि वळून बघितलं.

"रत्नाला हे कुणी शिकवलं वाटतं तुम्हाला?" सुंदराबाई म्हणाल्या. "आमचंबी प्रचारक थांबायचं न्हाईत."

मग त्यांनी यादी मागितली. मी नवी कोरी प्रत नेली होती. म्हटलं, तुमचं नाव तीसमध्ये घालतो.

"तीसला सा घरं हायत. त्यात माझं सातवं. कोण करणार मला? मला माझी एकतीस पायजे. वर्षातनं सात दिवस, पण एकटीचं."

"पान उलटावं लागतं," मी म्हटलं.

"मग उलटा."

चष्मा लावून त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत बोटाने वाचला. "तुमचं नाव कितीला?"

"बाराला होतं. 'रत्नमाला व परिवार.' ती गेली तेव्हा मी काढून टाकलं."

"परिवारात कोण होतं?"

मी तक्त्यातल्या बाराच्या चौकोनावर बोट ठेवलं. "मीच."

दोन वर्षं बारा तारखेला माझा फोन वाजला नव्हता, आणि मी समजत होतो की लोक हळूहळू विसरतात, जगाची रीत आहे. सुंदराबाईंनी माझ्या खिशातलं पेन काढलं. पान उलटलं. कोऱ्या पाठीवर आपलं नाव लिहिलं, आणि खाली माझं. "एकटीचं म्हटलतं मी," म्हणाल्या, "पर दोघं चालंल."

उतरताना मागून घंटा वाजली. वेळ नव्हती ती. हात दुखणाऱ्याने वाजवावी तशी, अडखळत.

कोल्हापूर

नवी यादी या अंकाबरोबर आहे. कृपया पान उलटावे. यादीत स्वतःचं नाव स्वतः छापणं बरं दिसत नाही, पण मला तसा दम मिळालाय. बारा तारखेच्या रिकाम्या जागी तानूबाई आहेत. त्यांचं ऑपरेशन नीट झालं, आणि मुलगा विचारतोय की आता यादीतून काढणार तर नाही ना. सुंदराबाईंचा फोन बंदच आहे; त्यांच्यासाठी गंगाक्काचा नंबर मी घरोघर पोचवलाय, म्हणून इथे छापत नाही. सुंदराबाईंनी सर्वांना सलाम सांगितलाय. तो मी पोचवला.

आज मार्चची तीस तारीख. उद्या सकाळी सहाला पहिला फोन मी करायचा, वहीत तसं लिहिलंय. त्यानंतर मला काही काम नाही. दाढी करणार आहे. शर्ट काढून ठेवलाय. फोन चार्जिंगला लावलाय. तसा तो दुपारीच भरला होता.